मेक्सिकोत आरव्ही आणि ट्रेन दोन्ही करायचं असेल तर आधी गाडी कुठे ठेवायची ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही ६७, वहिनी ६४. फिनिक्सला राहता, दोघांचे पासपोर्ट भारतीय आणि हातात ग्रीन कार्ड. गेल्या वर्षी ३१ फुटी मोटरहोम घेतली, मागे छोटी कार जोडून नेता. जानेवारीत पुण्याहून तुमच्या ७१ वर्षांच्या ताई येतायत. त्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. तिघांनी दीड-दोन महिने मेक्सिकोत फिरायचं आणि मधे कॉपर कॅन्यन या चिवावा राज्यातल्या दऱ्यांमधून जाणारी ट्रेन करायची असा बेत आहे. तुम्ही विचारलंय की आरव्ही, म्हणजे ही मोटरहोम, ट्रेनवर चढवता येते हे खरं का, रस्ता कुठला धरावा, आणि हे सगळं या वयात झेपेल का, सुरक्षित आहे का.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. आता येत नाही. १९८० आणि ९०च्या दशकांत अमेरिकन निवृत्तांचे ताफे या मार्गावर जायचे, मालगाडीच्या उघड्या सपाट डब्यांवर मोटरहोम बांधून, आणि लोक आपल्याच घराच्या खिडकीत बसून दरी बघायचे. ती सोय बंद होऊन खूप वर्षं झाली. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत ती अजून दिसते, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच.

ते एकदा बाजूला ठेवलं की खरा प्रश्न समोर येतो. ट्रेनचा प्रवास आठ-नऊ दिवसांचा धरा. तेवढे दिवस तुमचं चाकांवरचं घर, त्यातली औषधं, कागदपत्रं, मागची कार हे सगळं कुठेतरी उभं राहणार आहे. ते कुठे उभं करायचं आणि तिथपर्यंत कुठल्या रस्त्याने न्यायचं, यावर बाकी सगळं ठरतं. बहुतेक जण उलट करतात. ट्रेन लोस मोचिसहून सुटते म्हणून आरव्ही लोस मोचिसला न्यायची असं गृहीत धरतात आणि मग त्या रस्त्याची काळजी करत बसतात. आम्ही दोघं निवृत्त झाल्यापासून बरेचसे हिवाळे २४ फुटी मोटरहोमने मेक्सिकोत काढतो, ओळखीच्या मराठी जोडप्यांना मार्गही आखून देतो. मी सगळ्यांना एकच सांगतो, की आरव्हीचा प्रवास आणि ट्रेनचा प्रवास वेगळे करा. दोन्ही जिथे जोडायचे ती जागा ट्रेनच्या सोयीने निवडू नका, गाडीच्या सोयीने निवडा.

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत.

नकाशावर सगळ्यात सोपा दिसतो तो नोगालेसहून दक्षिणेला जाणारा हायवे १५. हेर्मोसिओ, ग्वायमास, सिउदाद ओब्रेगोन करत तो सिनालोआत लोस मोचिसला पोचतो. रस्ता चौपदरी आहे, पंप भरपूर आहेत. ग्वायमासजवळच्या सान कार्लोसपर्यंत आजही कितीतरी अमेरिकन आणि कॅनेडियन निवृत्त आरव्हीने जातात, दिवसाउजेडी जाऊन तिथल्या समुद्रकाठी महिनेच्या महिने राहतात. त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल माझं मत आता वेगळं आहे. सिनालोआ राज्य अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या ‘जाऊ नका’ या सर्वांत वरच्या पातळीवर आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून तिथे टोळ्यांमधला संघर्ष पेटला. त्याचा मुख्य जोर कुलियाकानच्या बाजूला, म्हणजे लोस मोचिसच्या बराच दक्षिणेला होता हे खरं. पण मोठी मोटरहोम आणि मागे कार असा जोड घेऊन तुम्ही हायवेवर असता, तेव्हा अडथळा आला तर चटकन वळताही येत नाही. मागे कार जोडलेली मोटरहोम रिव्हर्स घेता येत नाही, हे तुम्ही एव्हाना अनुभवलं असेलच. म्हणून हा रस्ता मी सध्या कोणालाच सुचवत नाही, तुम्हाला तर नाहीच.

दुसरा रस्ता चिवावा राज्याचा. एल पासोच्या पश्चिमेला सांता तेरेसा नावाची सीमाचौकी आहे, तिथून ओलांडलं की हुआरेस शहरात शिरावं लागत नाही. पुढे हायवे ४५ ने चिवावा शहर, आणि तिथून साधारण १०० किलोमीटरवर कुआउतेमोक. हे गाव मला मनापासून आवडतं. १९२२ पासून कॅनडातून आलेले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक इथे वसले. सफरचंदाच्या बागा, चीजचे कारखाने, रुंद सरळ रस्ते. मोठी आरव्ही उभी करायला या भागात याहून निवांत जागा नाही, आणि ट्रेनचं स्टेशन गावातच आहे. पण इथे दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे थंडी. कुआउतेमोक दोन हजार मीटरच्या वर आहे, जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो आणि रिकाम्या उभ्या आरव्हीतले पाण्याचे पाइप फुटू शकतात. दुसरी गोष्ट, चिवावाकडून निघणाऱ्या रीजनल गाडीचा पहिला अर्धा दिवस पठारावरच जातो. गाडीला उशीर झाला तर दरीचा खालचा भाग येईपर्यंत हिवाळ्यात अंधार पडू शकतो. तुम्ही ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चअखेर जाणार असता तर मी कुआउतेमोकला गाडी लावा, बसने दरीजवळचं क्रील गाव गाठा आणि सकाळची ट्रेन तिथून पकडा असं सांगितलं असतं. जानेवारीसाठी नाही.

तिसरा रस्ता बाहाचा, आणि तुमच्या बाबतीत माझा कौल यालाच आहे. आरव्ही बाहा कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पावरून खाली ला पासपर्यंत न्यायची आणि तिथल्या एखाद्या राहत्या आरव्ही पार्कमध्ये लावायची. मग हातात एकेक बॅग घेऊन पिचिलिंगे बंदरातून फेरीबोटीने समुद्र ओलांडून तोपोलोबाम्पोला उतरायचं. तिथून लोस मोचिस पंचवीसेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेन. परतताना हेच उलट.

लांबचा वळसा वाटेल, पण यात तुमच्या बऱ्याच अडचणी एकदम सुटतात. मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी परदेशी गाडी न्यायला बान्हेर्सितो या सरकारी बँकेकडून तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं पत्र लागतं, आणि एका माणसाच्या नावावर एकच वाहन, म्हणजे मोटरहोम तुमच्या नावाने तर कार वहिनींच्या नावाने. बाहा द्वीपकल्पात हा परवाना लागतच नाही. सिनालोआत तुमची गाडी नसेल, तुम्ही बंदर ते शहर ते स्टेशन एवढंच फिराल. अमेरिकन परराष्ट्र खात्याने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना लोस मोचिस आणि तोपोलोबाम्पोला समुद्रमार्गाने किंवा विमानाने जायची मुभा ठेवली, महामार्गाने नाही. यातून धोका रस्त्यावर जास्त आहे एवढं कळतं, आणि आमचा अंदाजही तोच आहे.

शिवाय जानेवारी ते मार्च हा बाहात करड्या देवमाशांचा काळ. अलास्काच्या बाजूने हजारो किलोमीटर पोहून ते ओहो दे लिएब्रे आणि सान इग्नासिओच्या खाजणांत पिल्लं घालायला येतात. छोट्या होडीतून जायचं असतं. सान इग्नासिओला माद्या पिल्लांना घेऊन अगदी होडीशी येतात. ताईंना होडीत चढायला हात द्यावा लागेल, पण हे त्यांनी चुकवू नये असं मला कळकळीने वाटतं. पुण्याहून एवढ्या लांब येऊन फक्त ट्रेनच केली तर निम्मा मेक्सिको राहिला.

बाहाच्या रस्त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. १९७३ साली पुरा झालेला हायवे १ बऱ्याच ठिकाणी अरुंद आहे, कडेला शोल्डर नाही, आणि समोरून ट्रक आला की दोन्ही गाड्यांचे आरसे जवळून जातात. तुमची गाडी रुंद आहे. ताशी ७०-८० किलोमीटरच्या वर जाऊ नका, मागच्यांना जाऊ द्या. फिनिक्सहून येणाऱ्यांना माझी शिफारस अशी: युमामार्गे कालेक्सिको, तिथून मेहिकालीची पूर्वेकडची चौकी, आणि हायवे ५ ने सान फेलिपे. पुढे हाच रस्ता थेट हायवे १ ला मिळतो. तिहुआना, एन्सेनादाची गर्दी आणि उत्तरेकडचा सर्वांत अरुंद तुकडा दोन्ही टळतं. सान फेलिपेला टाकी पूर्ण भरा. त्यानंतर गेरेरो नेग्रोपर्यंत ३५० किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि मधल्या पंपावर पेट्रोल असेलच असं धरून चालू नका.

पंपावरचं एक लक्षात ठेवा. अमेरिकेत हिरवा नोझल बहुतेक डिझेलचा असतो, मेक्सिकोत हिरवा म्हणजे साधं पेट्रोल. डिझेल काळ्या नोझलचं. गाडी पेट्रोलवर असो की डिझेलवर, नोझल टाकीत जायच्या आधी खाली उतरून बघा, आणि मीटर शून्यावर आहे ना तेही बघा.

सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही, यात कुठलीही सवलत नाही. त्यामागे गुन्हेगारीपेक्षा साधं कारण आहे. कुंपण नसलेल्या माळावरची गुरं रात्री उबेसाठी डांबरावर येऊन बसतात, बंद पडलेले ट्रक दिव्यांशिवाय उभे असतात, आणि गावाच्या तोंडाशी असलेले स्पीडब्रेकर अंधारात दिसत नाहीत. दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला पोचायचं असा बेत ठेवा, म्हणजे एक टायर गेला तरी उजेडात पोचता. महामार्गावर हिरव्या गाड्यांचं सरकारी मदतपथक फिरतं, आंखेलेस वेर्देस, त्यांचा नंबर ०७८.

आतापर्यंतचं एका दमात: ट्रेनवर आरव्ही जात नाही, जानेवारीत सिनालोआचा महामार्ग आणि चिवावाची थंडी दोन्ही टाळायची, गाडी ला पासला ठेवायची, समुद्र पायी प्रवासी म्हणून ओलांडायचा. याला जोडून येतं ते गाडी आठ-नऊ दिवस कशी ठेवायची. कुंपण घातलेलं मोकळं मैदान नको. जिथे लोक पूर्ण हिवाळा राहतात असं पार्क घ्या, आणि त्या दिवसांचंही भाडं भरून आपली जागा धरून ठेवा. शेजारी राहणारं माणूस हाच खरा पहारा. तिथल्या विजेच्या खांबांवर बऱ्याचदा १५ अँपचंच सॉकेट असतं, तारा उलट जोडलेल्या असू शकतात आणि दाब वरखाली होतो, म्हणून व्होल्टेज प्रोटेक्टर आणि ३० ते १५ अँपचा अडॅप्टर घरूनच आणा. तरीही मागे फ्रिज चालू ठेवून जाऊ नका. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, गॅस बंद, पाण्याचा पंप बंद, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या, बॅटरी सुटी करा. डाळ-तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यांत. तिथल्या मुंग्या फार चिवट आहेत.

आता ट्रेन. तिचं लाडकं नाव ‘एल चेपे’. लोस मोचिसपासून चिवावापर्यंत सुमारे ६५० किलोमीटरचा लोहमार्ग, ८६ बोगदे, ३७ पूल. १८७०च्या दशकात आल्बर्ट किम्सी ओवेन या अमेरिकन इंजिनिअरने तोपोलोबाम्पोची खाडी बघितली आणि तिथून रेल्वे काढायचं स्वप्न मांडलं. कंपन्या आल्या आणि बुडाल्या, मधे मेक्सिकन क्रांती झाली, आणि मार्ग पुरा झाला तो १९६१ मध्ये. कोकण रेल्वेत बोगदे नव्वदहून जास्त आहेत, पण तिथे गाडी समुद्राला समांतर धावते. इथे ती समुद्रसपाटीवरून निघून एका दिवसात दोन हजार चारशे मीटरपर्यंत चढते. तेमोरिसला दरीच्या एकाच भिंतीवर मार्गाचे तीन मजले दिसतात, आणि गाडी डोंगराच्या पोटातल्या वळणदार बोगद्यात शिरून उलट्या दिशेला तोंड करून बाहेर येते. मी रेल्वेतला माणूस नाही, पण आयुष्य यंत्रांत गेलं. ही चढण कशी आखली असेल याचा विचार मी दर वेळी करतो आणि थक्क होतो.

गाड्या दोन आहेत. एक्सप्रेस लोस मोचिस ते क्रील धावते, पर्यटकांसाठी आहे, डायनिंग कार आहे, महाग आहे. रीजनल पुढे चिवावापर्यंत जाते, जास्त ठिकाणी थांबते, स्वस्त आहे. दोन्ही रोज नसतात, आठवड्यातले दिवस ठरलेले आणि ते बदलतात. तुमच्या तिघांसाठी एक्सप्रेस घ्या. मधे उतरून एक-दोन रात्री राहून पुढची गाडी पकडता येते, पण ते थांबे तिकीट काढतानाच ठरवून घ्यावे लागतात. दिशा लोस मोचिसकडून वर जाणारीच ठेवा. सकाळी निघालात की दरीचा भाग भर उजेडात येतो. कुठल्या बाजूला बसावं असं सगळे विचारतात. लोस मोचिसहून जाताना उजवी बाजू थोडी बरी, पण वळणं इतकी आहेत की दोन्ही बाजूंना काही ना काही मिळतं.

चिवावा राज्याने २०२२ मध्ये घड्याळ बदललं, त्यामुळे सिनालोआ आणि चिवावा यांच्यात एक तासाचा फरक आहे. तिकिटावरची वेळ कुठल्या घड्याळाची ते प्रत्येक स्टेशनासाठी विचारून घ्या, परतीला तर नक्कीच.

मुक्काम कसे ठेवाल ते सांगतो. पहिली रात्र लोस मोचिस. एरवी मी एल फुएर्तेला राहायला सांगायचो, १५६४ मध्ये वसलेलं जुनं गाव, सुंदर चौक, आणि ट्रेन तिथे उशिरा येत असल्याने झोपही जास्त मिळते. सध्या लोस मोचिसमध्येच झोपा आणि तिथूनच गाडीत बसा, आतला रस्ता वाचवा. पुढे दिविसादेरो किंवा पोसादा बारांकासला दोन रात्री, हॉटेलं दरीच्या अगदी काठावर आहेत. ताईंना चालावं न लागता खोलीच्या सज्जातून सूर्योदय दिसेल अशी खोली मागा, त्यासाठी चार पैसे जास्त द्या. जवळच्या साहस उद्यानात रोपवे आहे, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, दरीच्या मधल्या सुळक्यापर्यंत जाऊन परत. गुडघेदुखी असणाऱ्याला दरीच्या आत जायचा हाच मार्ग. मग क्रीलला दोन रात्री आणि तिथून परतीची ट्रेन.

उरीके दरीच्या तळाला किंवा अशाच तळातल्या बातोपिलास गावाला जायचं आकर्षण वाटेल. तळाशी संत्री, आंबे पिकतात, वर पाइनचं जंगल, हा फरक विलक्षण आहे. तरी या खेपेला नको. रस्ता लांब आणि वळणांचा आहे, आणि या डोंगरांत अफूच्या शेतीवरून टोळ्यांचा वावर आहे ही गोष्ट झाकून उपयोग नाही. जून २०२२ मध्ये सेरोकावी या छोट्या गावातल्या चर्चमध्ये दोन जेसुइट पाद्र्यांची आणि तिथे आसऱ्याला धावलेल्या एका वाटाड्याची हत्या झाली. ट्रेन, दिविसादेरो आणि क्रील हा पट्टा पर्यटकांनी गजबजलेला असतो, आम्ही तिथे निर्धास्त राहतो. त्याच्या बाहेर हॉटेलने ठरवून दिलेल्या माणसाशिवाय जात नाही, आणि जायचा बेत असेल त्या आठवड्यात हॉटेलवाल्यांना फोन करून हालहवाल विचारतो. तुम्हीही तेच करा. निघायच्या आदल्या आठवड्यात परिस्थिती बिघडली असेल तर ट्रेन रद्द करून बाहातच राहायची मनाची तयारी ठेवा. बाहा एकटं पुरेसं आहे.

दिविसादेरोच्या स्टेशनावर रारामुरी या इथल्या आदिवासी जमातीच्या बायका पाइनच्या पानांच्या विणलेल्या टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतील. रंगीत घेरदार स्कर्ट, पाठीला बांधलेलं मूल. हा त्यांचा मुलूख आहे, स्पॅनिश लोक आल्यावर ते या दऱ्यांत मागे सरकले. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि टोपलीच्या किमतीत घासाघीस करू नका. एका टोपलीत किती दिवसांचं काम असतं ते हातात घेतल्यावर कळतं.

प्रकृतीचं. तुम्ही समुद्रकाठाहून एका दिवसात सव्वादोन हजार मीटरवर जाता. पहिल्या संध्याकाळी काहीच ठरवू नका, पाणी जास्त प्या, जेवण हलकं ठेवा. ताईंनी निघण्याआधी डॉक्टरांना उंचीबद्दल आणि बीपीच्या गोळीबद्दल विचारावं. ट्रेनची पायरी उंच आणि फलाट खालच्या पातळीवर असतात, कर्मचारी छोटं स्टूल लावतात, तरी बॅग दुसऱ्याच्या हातात आणि ताईंचे दोन्ही हात मोकळे हवेत. जानेवारीत क्रीलला बर्फ पडू शकतो, म्हणून थर्मल आणि कानटोपी हवीच, ला पासच्या उन्हातून निघताना ती विसरायला होते. क्रीलमध्ये उपचार प्राथमिक आहेत, मोठी हॉस्पिटलं चिवावा शहरात किंवा लोस मोचिसला. तुमचं मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा, मेक्सिकोत जवळपास कशालाच लागू होत नाही, आणि ताईंचा अमेरिकेसाठी काढलेला प्रवास विमा तिथे चालतो का ते पॉलिसीत वाचून घ्या. रुग्णाला हलवण्याचा खर्च धरणारा विमा तिघांचाही हवा. औषधं मूळ डब्यांत, चिठ्ठीसकट. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं त्यांना मेक्सिकोत बंदी आहे, त्या घरी ठेवा.

कागदपत्रांत तुमची बाजू सोपी आहे. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा चालू अमेरिकन व्हिसा असेल तर लागत नाही. तिघांनाही हे लागू होतं. मात्र प्रत्येकाला पर्यटकाचा प्रवेश परवाना, एफएमएम, सीमेवरच घ्यावा लागतो. गाडीने ओलांडताना कोणी थांबवत नाही, लोक तसेच पुढे जातात आणि मग फेरीच्या धक्क्यावर किंवा तपासणी नाक्यावर अडकतात. स्वतःहून थांबून इमिग्रेशनची कचेरी शोधा, पूर्ण मुक्कामाचे दिवस मागा, शिक्क्यावर किती दिवस लिहिलेत ते तिथेच वाचा.

खरी काळजी ताईंच्या परतीची घ्या. त्यांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा असायला हवा. मेक्सिकोतून परतताना नवे सहा महिने मिळतील असं समजू नका. शेजारी देशात थोडे दिवस जाऊन आल्यास अधिकारी आधीचीच मुदत पुढे चालू ठेवू शकतो. तेव्हा जानेवारीत आल्या तर मूळ मुदतीच्या आतलंच भारताचं परतीचं तिकीट जवळ ठेवा. मुदतवाढीचा अर्ज केलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका.

गाडीचा अमेरिकन विमा मेक्सिकोत कायद्याने ग्राह्य नाही, तिथला वेगळा घ्यावा लागतो. मोटरहोम आणि कार दोन्ही त्यात नावानिशी हवीत. कायदेशीर मदतीचं कलम नक्की घ्या, कारण अपघातात जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला रोखून ठेवू शकतात. आणि आरव्हीत कुठे एखादी जुनी बंदूक किंवा काडतूस राहिलेलं नाही ना, ते आधीच्या मालकाच्या कप्प्यांसकट तपासा. वापरलेली गाडी घेतली असेल तर हे मी गमतीने सांगत नाही, तुरुंगात जायची वेळ येते.

शेवटी जेवण, कारण ताईंचा प्रवास यावर सुखाचा किंवा त्रासाचा होईल. आरव्हीत तुमचं स्वयंपाकघर आहेच, पोहे, बेसन, गोडा मसाला, तूप भरून घ्या. ताजी फळं आणि भाज्या मात्र सीमेच्या पलीकडे घ्या. प्रश्न ट्रेनच्या आठ-नऊ दिवसांचा. मेक्सिकोत नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर चिकन किंवा हॅम येऊ शकतं. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असते आणि भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ हे चारही शब्द कागदावर लिहून हॉटेलच्या स्वयंपाक्याच्या हातात द्या, आणि बुकिंग करताना आधीच कळवा. मक्याची गरम तोर्तिया, निवडुंगाच्या पानांची नोपालेसची भाजी, भाजलेली मिरची, एवाकाडो, ताजं चीज, यावर मराठी माणसाचं जेवण छान होतं. चीजमधलं रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण, ताईंना चालत नसेल तर तेही विचारून घ्या. आम्ही बॅगेत मेतकूट आणि लसणाची चटणी ठेवतो, आणि हॉटेलात नुसता पांढरा भात मागतो.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. आधी ट्रेनच्या तारखा, कारण दिवस मोजके असतात. मग काठावरचं हॉटेल, मग फेरी, मग ला पासचं पार्क. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की फेरी रद्द होते, म्हणून जाताना दोन आणि येताना एक दिवस मोकळा सोडा. फेरी रात्री पोचत असेल तर लोस मोचिसच्या हॉटेललाच बंदरावर गाडी पाठवायला सांगा. तुमची मोटरहोम पेट्रोलची की डिझेलची आणि तिच्यावर कर्ज आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते आणि ताईंची उतरण्याची तारीख कळवा, म्हणजे बाहातले मुक्काम दिवसानुसार लिहून देतो.